पाणचक्कीमागची नहर

छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा पाणचक्कीचा हौद बघतो, कारंजे बघतो आणि निघून जातो. खरी करामत जमिनीखाली आहे. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला असलेल्या विहिरीचे पाणी कित्येक किलोमीटर खापरी नळांतून, कोणत्याही इंजिनाशिवाय, निव्वळ उतारावर इथपर्यंत आणले आहे. वाटेत दगड-चुन्याचे मनोरे उभारले आहेत. पाणी त्यांत वर चढते, नळात कोंडलेली हवा सुटते आणि दाबाने नळ फुटत नाहीत.

शेवटी हे पाणी एका उंच भिंतीवर चढते आणि तिथून हौदात कोसळते. चक्कीसाठी वळवलेली धार खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाचा उभा दांडा थेट जात्याच्या वरच्या दगडाला जोडलेला असल्याने चाक फिरले की दगडही फिरतो. मधे दातेरी चाके नाहीत, त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातले फकीर आणि यात्रेकरू यांच्यासाठी इथे धान्य दळले जाई. 1744 च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने हे काम करवून घेतले, असे मानतात.

हौदाखालच्या दालनातही जरूर उतरा. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत आहे. भर मे महिन्यातही तिथे गारवा असतो.