भूकंप, भूमी आणि इमारती : तैवान बेटाचा दाखला

तैवान हे बेट मुळात भूगर्भातील रेट्यानेच घडले आहे. फिलिपिन समुद्राखालचा भूपट्ट दरवर्षी सुमारे ८ सेंटिमीटर वेगाने आशिया खंडाच्या कडेवर चालून येतो. खडकांत ताण साठत जातो आणि तो असह्य झाला की जमीन फाटते.

२१ सप्टेंबर १९९९ रोजी रात्री पावणेदोनच्या सुमारास तसेच घडले. ७.६ तीव्रतेच्या त्या भूकंपात चेलुंगपू नावाचा प्रस्तरभंग जवळजवळ १०० किलोमीटर लांब उघडा पडला. पूर्वेकडील भूमी पश्चिमेकडील भूमीवर चढली. दाजिया नदीवरील शिहगांग धरणाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा सात-आठ मीटर वर उचलला गेला, आणि नदीच्या पात्रात नवा धबधबा तयार झाला! वुफेंग येथील शाळेच्या धावपट्टीला दोन मीटरहून उंच पायरी पडली. ती जागा पुढे संग्रहालय म्हणून जपण्यात आली. त्साओलिंगला डोंगर कोसळून नदी अडली व मोठे तळे साचले. नंतरच्या वादळी पुरांच्या गाळाने ते बुजूनही गेले.

सुमारे २,४०० माणसे दगावली. पुष्कळ इमारतींत खाली दुकानगाळे व वर बिऱ्हाडे होती. दुकानासाठी भिंती काढल्या की तळमजला लुळा होतो, आणि जमीन हलली की सारा हेलकावा तेथील खांबांवरच येतो. खांबातील लोखंडी रिंगा विरळ असतील, त्यांची टोके आत नीट वळवलेली नसतील, तर काँक्रीट फुटते, उभ्या सळया वाकतात आणि वरचे मजले खाली बसतात. आमच्या मते विद्यार्थ्यांनी चालू बांधकामावर जाऊन या रिंगा एकदा डोळ्यांनी पाहाव्यात.

आपल्याकडील किल्लारीचा १९९३ चा भूकंप ६.२ चा होता. तैवानच्या भूकंपात त्याच्या शंभरपटीहून अधिक ऊर्जा होती. तरी किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे.

तैवानने १९९९ नंतर बांधकामाचे नियम कडक केले. त्झु ची या बौद्ध सेवासंस्थेने सुमारे ५० शाळा नव्याने बांधून दिल्या. जुन्या इमारतींचा प्रश्न मात्र उरलाच होता : २०१६ मध्ये ताइनान भागातील ११७ बळींपैकी ११५ एकाच इमारतीत गेले. ३ एप्रिल २०२४ रोजी ह्वालिएनजवळ सातहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा मृतांची संख्या वीसच्या आत राहिली. त्यांतील बहुतेक लोक इमारतींखाली नव्हे, तर तारोको घाटातील दरडींखाली सापडले होते.