गिरवण्यापूर्वी आणि गिरवल्यानंतर

मुलाला शाळेत घालण्याचा विचार घरात सुरू झाला की बहुधा पहिली खरेदी होते ती ठिपक्यांच्या अक्षरांच्या वहीची. मूल असते तीन-साडेतीन वर्षांचे. त्याच्या मुठीत पेन्सिल देऊन 'ग'च्या ठिपक्यांवरून रोज एक पान काढून घेतले जाते. गिरवल्याने हात वळतो ही आपल्याकडील समजूत जुनी आहे आणि ती खोटीही नाही. परंतु गिरवण्यापूर्वी हाताची तयारी कोणती लागते आणि गिरवणे केव्हा सोडावे, या दोन गोष्टी विसरल्या, तर तीच वही मुलाचे वळण बिघडवते आणि लिहिण्याची नावडही उत्पन्न करते. त्या दोहोंचाच येथे विचार करू या.

प्रथम हात पाहू. जन्मतः मनगटातील आठही लहान हाडे कूर्चेच्या रूपात असतात व पुढे काही वर्षांत एकेक करून कठीण होऊ लागतात. काही लोक एवढ्यावरूनच लवकर लिहू नये असे सांगतात. आम्हांला मात्र हाडांपेक्षा स्नायूंवरील ताबा महत्त्वाचा वाटतो. हा ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो. दीड-दोन वर्षांचे मूल मुठीत खडू धरून सबंध हाताने रेघोट्या ओढते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत पेन्सिल नीट बसते ती साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. आकृत्यांचेही तसेच आहे. उभी रेघ दोन वर्षांच्या सुमारास पाहून काढता येते, आडवी थोडी मागाहून, वर्तुळ तिसऱ्या वर्षी, अधिकाचे चिन्ह चौथ्या वर्षी. आणि त्रिकोणाच्या तिरप्या रेघा जमावयास पाचवे वर्ष उजाडते. मुलामुलांत पुष्कळ फरक असतो हे खरे. तरीही तिसऱ्या वर्षी 'र'ची तिरपी रेघ सरळ आली नाही म्हणून मुलाला रागावणे म्हणजे दात आले नाहीत म्हणून रागावण्यासारखे आहे.

मग तोवर काय करावे? आपल्या घरात या अभ्यासाला तोटा नाही. शेंगा सोलताना अंगठ्याचा दाब लागतो. तांदळातील खडे निवडताना नजर आणि चिमूट एका ठिकाणी येतात. कणकेचा गोळा वळताना तळहात काम करतो, वाती वळताना बोटांची टोके. सागरगोटे झेलणाऱ्या मुलीच्या मनगटाला जी लवचीकता येते ती कोणत्याही वहीने येणार नाही. रांगोळीची चिमूट तर लेखणीची सख्खी बहीणच! चिमटीतून पीठ सारखे सोडीत हात हव्या त्या दिशेने न्यावयाचा, हा लेखनाचा निम्मा अभ्यास झाला. यातील पुष्कळशी कामे आता मुलांच्या हातून गेली आहेत. मुलाने सांडलवंड करू नये म्हणून ती आपण काढून घेतो, आणि तेच कौशल्य यावे म्हणून बाजारातून वही आणतो.

धूळपाटीचेही हेच. तिच्यावर बोट हीच लेखणी असल्याने पकडीचा प्रश्नच उरत नाही. अक्षर मोठे काढता येते. चुकले तर हात फिरवला की पुसले, चूक शिल्लक राहत नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत बालगृह सुरू केले, तेथे खरखरीत कागदाची अक्षरे मुलांनी दोन बोटांनी चाचपावी अशी योजना होती. पेन्सिल धरण्याचा सराव आकृत्या भरण्याच्या वेगळ्या साधनांनी होई. अक्षराचे वळण आणि लेखणीची पकड हे दोन अभ्यास त्यांनी प्रथम अलग केले, हे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. इकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला खेड्यातील मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी खडे, पाने, बिया कामी आणल्या.

आता प्रत्यक्ष गिरवणे. 'ग, म, भ, न' हा आपल्याकडील क्रम उगाच पडलेला नाही. या चारही अक्षरांना उभा दंड समान आहे, तेव्हा एक हालचाल बसली की ती चार ठिकाणी उपयोगी पडते. प्रारंभ कोठून, वळण कोणत्या दिशेने, दंड केव्हा आणि शिरोरेघ शेवटी, हे मुलाने पाहिले पाहिजे. ठिपक्यांच्या वहीत नेमके हेच हरवते. मूल एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर थांबत थांबत जाते, कधी दंड खालून वर नेते. पान मात्र सुबक दिसते. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या बाईंना प्रत्येकाचा हात पाहता येत नाही, आणि पालक तर भरलेली वहीच मागतात. त्यामुळे चुकीची हालचाल वर्षभर पक्की होत राहते.

गिरवणे थांबवण्याविषयीही एक चांगला पुरावा आहे. इंडियाना विद्यापीठाच्या करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या सुमारे पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे स्वतः काढली, काही गिरवली, तर काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरे दाखवून मेंदूचे चित्रण केले, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग विशेषेकरून स्वतः काढलेल्या अक्षरांना प्रतिसाद देताना आढळले. मुले थोडीच होती, आणि अक्षरे रोमन होती, हे विसरू नये. पण कारण पटण्याजोगे आहे. स्वतः काढलेला 'म' दर वेळी वेगळा, वाकडातिकडा येतो; त्या सर्वांत समान काय, हे मुलाला शोधावे लागते. गिरवताना हा शोध दुसऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो.

तेव्हा अक्षर दोन-तीनदा गिरवून झाले की कित्ता झाकावा आणि शेजारच्या कोऱ्या जागेत मुलाला ते काढू द्यावे. दहा ओळी गिरवण्यापेक्षा या एका अक्षराचे मोल आम्ही अधिक समजतो. वही घेताना 'ल' आणि 'श' तेवढे पाहून घ्यावेत; महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीचा 'ल' व देठाचा 'श' प्रमाण ठरवले, पण हिंदी वळणाच्या वह्याही बाजारात मिळतात, आणि फळ्यावर एक, वहीत दुसरे असे झाले की मूल गोंधळते. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. त्याचा कागद थोडा उजवीकडे कलता ठेवावा म्हणजे लिहिलेले हाताखाली झाकले जात नाही. उलटी अक्षरे सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुले काढतात. त्यानंतरही बटण लावणे, घास घेणे आणि लिहिणे अशा सगळ्याच कामांत बोटे अडखळत असतील, तर वह्या वाढवण्यापेक्षा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. ते पुढे व्यवसायोपचार तज्ज्ञांचे नाव सुचवू शकतात.