धानाची पारख

हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे गाव काळ्या जमिनीच्या मुलखात वसलेले आहे. हळद व ज्वारी ही तिकडची पिके. नांदेड शहर तेथून फारसे दूर नाही. परंतु धानाच्या शेतीत ज्या नांदेडचे नाव झाले, ते हे शहर नव्हे. ते चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील एक लहानसे खेडे होय. पाऊस भरपूर, शेताला बांध घालून पाणी अडविलेल्या बांध्या, आणि घरोघर धान, असा तो प्रदेश आहे.

दादाजी रामाजी खोब्रागडे हे या खेड्यातील एक गरीब शेतकरी. १९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल ३’ जातीचे धान उभे होते. त्यात पिवळसर दाण्यांच्या तीन निराळ्या लोंब्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. दुसऱ्या कोणी त्या इतर पिकाबरोबर कापून खळ्यावर टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, पुढील हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्षे त्यांचेच बी वाढवीत नेले. दाणा बारीक, भात रुचकर आणि उत्पन्नही चांगले, असा अनुभव आला. पुढे एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे ‘एचएमटी’ हे नाव या धानास दिले आणि तेच रूढ झाले.

परंतु एका शेतात एक जात चांगली पिकली, एवढ्यावरून ती सर्वत्र चांगली ठरते काय? धान हलके, मध्यम व भारी अशा तीन प्रकारचे असते. हलके धान लवकर पिकते. ते उंचवट्यावरील बांधीत शोभते. भारी धानास अधिक दिवस लागतात, म्हणून ते सखल बांधीत लावतात, कारण तेथे ओल उशिरापर्यंत टिकते. हेच भारी धान उंचवट्यावर लावले, तर फुलोऱ्याच्या वेळी पाणी आटते आणि दाणे पोचट राहतात. उलट हलके धान सखल जागी साचलेल्या पाण्यातच पिकते, व लोळले तर दाण्यांना कोंब फुटतात.

म्हणून जातींची तुलना करताना त्या शेजारीशेजारी, एकाच दिवशी व सारखेच खत घालून लावतात. एकाच शेतातील मातीही सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे प्रत्येक जातीचे वाफे शेतात अनेक ठिकाणी ठेवावे लागतात. कडेच्या ओळी हिशेबात धरीत नाहीत, कारण त्यांना ऊन व मोकळी जागा अधिक मिळून त्या जास्त पोसतात. वजनही दाणा वाळल्यावरच घेतात. ओला दाणा तराजूला फसवितो.

दादाजींच्या धानावर सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्रात प्रयोग झाले. १९९८ साली पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ ही जात प्रसृत केली. श्रेय कोणाचे, यावरून वाद झाला. बी शुद्ध करण्याचे काम विद्यापीठाचे खरे, परंतु त्या तीन लोंब्या प्रथम हेरल्या त्या दादाजींनीच. पुढेही त्यांनी अशाच निवडीने जाती तयार केल्या आणि ‘नांदेड हिरा’, ‘नांदेड चिन्नूर’ अशी गावाची नावे त्यांना दिली. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यांचे धान शेजारच्या राज्यांतही पोहोचले. दादाजींचे दारिद्र्य मात्र २०१८ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत फिटले नाही.