ना छापा, ना काटा

जुन्या बाजारात चिल्लरच्या ढिगात कधीतरी एक गुळगुळीत चकती हाती लागते. एका बाजूला सिंह नाहीत, दुसऱ्या बाजूला आकडा नाही. "टांकसाळीतली चूक आहे साहेब, दुसरी मिळणार नाही," विक्रेता ठोकून देतो. मिळते. छाप पडण्याआधी प्रत्येक नाणं असंच असतं. धातूच्या पट्ट्यातून चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करणं, धुणं, कडा उचलणं हे सोपस्कार होतात आणि मग ठसा बसतो. एखादी चकती ठसा चुकवून पिशवीत जाते, एवढंच.

गुळगुळीत म्हणजे कोरी, हा समज सर्वांत महागात पडतो. झिजलेलं नाणं उजेडात तिरकं धरलं की आकड्याची पुसट सावली दिसते. कानशीने घासलेल्यावर ओरखडे सापडतात आणि वजन घटलेलं असतं. ठसा मारताना धातू वाढत नाही की कमी होत नाही, त्यामुळे खऱ्या कोऱ्या चकतीचं वजन तयार नाण्याइतकंच भरायला हवं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आणि शेजारी त्याच जातीचं साधं नाणं, एवढ्यावर बरंच काही कळतं.

पण सगळं नाही. "ही आठाण्याचीच" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना विचारा, कशावरून? 1988 पासूनचे स्टेनलेस स्टीलचे आठाणे 3.79 ग्रॅमचे, व्यास 22 मिलिमीटर. 2011 चा रुपयाही 3.79 ग्रॅमचा, व्यास 21.93. 1992 चा रुपया आणि 2011 चे दोन रुपये, दोन्ही 4.85 ग्रॅम आणि 25 मिलिमीटर! अशा वेळी चिठ्ठीवर दोन्ही शक्यता लिहाव्यात.

वर्षाखाली मुंबईची चौकट असते, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब. कोलकात्याची खूण नसते. म्हणून बिनखुणेची चकती कोलकात्याची, हा तर्क ऐकला की हसू येतं. तिच्यावर वर्षच नाही, खूण कुठून येणार?

लोहचुंबकाला चिकटली नाही म्हणून चकती नकली ठरत नाही. स्टेनलेस स्टीलची चिकटते, जुन्या तांबे-निकेलची नाही.

चलन म्हणून मात्र कोऱ्या चकतीची किंमत शून्य. याउलट दुकानदार नाकं मुरडतात ते आठाणे आजही कायदेशीर चलन आहेत; बंद झाले ते चाराणे आणि त्याखालची नाणी, 30 जून 2011 पासून.

जुनी नाणी लाखोंना घेतो म्हणत कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी कर किंवा कमिशन मागितलं, तर पैसे देऊ नका. असे व्यवहार आपण करत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हे बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे.