जायकवाडी पक्षी अभयारण्य

जायकवाडी पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांत, गोदावरी नदीवरील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयात व त्याच्या काठावर पसरलेले संरक्षित क्षेत्र आहे. १० ऑक्टोबर १९८६ रोजी त्याला अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. त्याचे अधिसूचित क्षेत्रफळ ३४१.०५ चौरस किलोमीटर आहे. समुद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत, पर्जन्यछायेच्या प्रदेशात असूनही येथे हिवाळ्यात कुरव, सुरय, रोहित आणि चिखलपायी पक्षी असे समुद्रकाठाशी नाते सांगणारे पाहुणे दिसतात. मराठवाड्याला समुद्र नाही. किनारा म्हणावा असे जे काही या प्रदेशाला लाभले आहे, ते मुख्यतः नाथसागराच्या काठावर आहे.

== जलाशय आणि नाव ==

धरण पैठण येथे असूनही त्याचे नाव जायकवाडी आहे. तत्कालीन हैदराबाद राज्याच्या काळात हे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ बांधण्याचा विचार होता. राज्यपुनर्रचनेनंतर जागा नदीच्या वरच्या अंगाला पैठणजवळ निश्चित झाली, परंतु प्रकल्पाचे नाव तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. पैठणचे संत एकनाथ यांच्यावरून जलाशयास नाथसागर म्हणतात.

मातीच्या या धरणाची लांबी सुमारे दहा किलोमीटर असून सांडव्याला २७ दरवाजे आहेत. एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर व उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी १,५२२ फुटांपर्यंत जाते. हा आकडा पावसाळ्यात मराठवाड्यातील वर्तमानपत्रांच्या वाचकांना तोंडपाठ असतो. जलाशयाखाली शेतजमिनी व अनेक गावे गेली. आज ज्या उथळ पाण्यावर बदके विसावतात, त्याच्या तळाशी एकेकाळची शिवारे आहेत.

== सरकता किनारा ==

सह्याद्रीतील धरणे डोंगरांच्या घळीत असल्याने अरुंद व खोल असतात. नाथसागर मात्र दख्खनच्या सपाट पठारावर परातीसारखा पसरलेला आहे. त्यामुळे पाणी किंचित खाली गेले तरी काठ दूरवर सरकतो. जमिनीचा उतार दर दोनशे मीटरला एक मीटर इतका धरला, तर पातळी एक मीटर उतरताच पाण्याची कड दोनशे मीटर मागे जाते. सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये बाभळींच्या बुंध्याशी असलेले पाणी मे महिन्यात क्षितिजाजवळची चमकती रेघ होऊन बसते. नकाशात आखलेली अभयारण्याची हद्द स्थिर असली, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला उथळ पट्टा रोज जागा बदलतो.

या पट्ट्यात हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पोटॅमोजेटॉन यांसारख्या पाणवनस्पती वाढतात. त्यांवर शाकाहारी बदके व वारकरी पोसले जातात. पाणी ओसरताना उघड्या पडणाऱ्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी असतात आणि त्यांच्यामागे तुतवार, पाणलावे व शेकाटे येतात. म्हणूनच धरण शंभर टक्के भरले की पक्षीही भरपूर येणार, हा समज चुकीचा ठरतो. तुडुंब वर्षी चिखलाचे पट्टे पाण्याखाली राहतात, बदके विस्तीर्ण पाण्यावर विखुरतात आणि चिखलपायी पक्ष्यांना वाट पाहावी लागते. याउलट पाणी फार लवकर उतरले, तर पक्षी थोड्या जागेत दाटीने गोळा होतात व माणसांच्या अधिक जवळ येतात. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला होता.

पाणी किती व केव्हा उतरणार, हे पावसाइतकेच पाटबंधारे खात्याच्या आवर्तनांवर ठरते. डावा कालवा २०८ किलोमीटर व उजवा कालवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. छत्रपती संभाजीनगर शहराचे पिण्याचे पाणीही येथूनच जाते. वरच्या अंगाला नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे असल्याने आवक नेहमीच वादाचा विषय राहिली आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र मेंढेगिरी समितीच्या २०१३ मधील अहवालाच्या आधारे अमलात आले. हे सूत्र शेती, उद्योग व पिण्याच्या गरजेसाठी आहे; पक्ष्यांना त्याचा लाभ किंवा तोटा होतो तो ओघाने.

== पक्षिजीवन ==

अभयारण्यात सुमारे दोनशे जातींच्या पक्ष्यांची नोंद असून त्यांपैकी सत्तरच्या आसपास जाती स्थलांतरित आहेत. ऑक्टोबरपासून तलवार बदक, थापट्या, चक्रांग व चक्रवाक येऊ लागतात. मध्य आशियात व तिबेटच्या पठारावर वीण करणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. दिवसा ते पाण्याकाठी विसावतात आणि सायंकाळनंतर चरण्यासाठी पिकांत उतरतात. कांड्या करकोच्यांचे थवे हरभऱ्याच्या व ज्वारीच्या शिवारांत दिसतात. रोहित पक्ष्यांचे आगमन मात्र पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते, त्यामुळे दरवर्षी ते ठरावीक ठिकाणी सापडतीलच असे नाही.

चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, दर्विमुख, शराटी, बगळे व पाणकावळे वर्षातील बराच काळ दिसतात. शिकारी पक्ष्यांमध्ये मासे पकडणारा कैकर आणि बदकांच्या थव्यांवरून खालून उडणारा दलदली भोवत्या हे हिवाळ्यात लक्ष वेधून घेतात. काळ्या अंगाच्या व कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरी असे नाव आहे. पैठणसारख्या वारकरी संप्रदायाच्या तीर्थक्षेत्राजवळ हजारोंच्या संख्येने तरंगणाऱ्या या पक्ष्यांना हे नाव विशेष शोभते.

जलाशयात सुमारे तीस लहान-मोठी बेटे आहेत. नदी सुरय, टिटवी व शेकाट्या हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा चहूबाजूंचे पाणी हेच त्यांचे कुंपण असते. उन्हाळ्यात पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले की कुत्री, गुरे आणि माणसे तेथे पायी पोहोचू शकतात.

== भेट ==

छत्रपती संभाजीनगरपासून पैठण सुमारे ५० किलोमीटर अंतरावर असून राज्य परिवहनाच्या बसगाड्या उपलब्ध असतात. पैठणच्या बाजूने पिंपळवाडी व सोनेवाडी या गावांच्या परिसरातून काठावर जाता येते. जलाशयाचे दुसरे टोक पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगर–अहिल्यानगर मार्गावरील कायगाव टोके व प्रवरासंगम ही ठिकाणे सोयीची आहेत. येथे प्रवरा गोदावरीस मिळते आणि पेशवेकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरातून नदीचे विस्तीर्ण पात्र दिसते.

समुद्रकाठच्या एखाद्या उद्यानाप्रमाणे आखीव पायवाटा व वाळूचा किनारा यांची अपेक्षा ठेवून आलेल्या पर्यटकाचा येथे अपेक्षाभंग होतो. चालण्यासाठी शेतांमधील पाणंदी, बांध आणि गुराख्यांच्या वाटा आहेत. जमीन काळ्या मातीची आहे. वाळल्यावर तिला पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात, तर ओलसर असताना वरून कोरडी दिसणारी साय मोडून पाय घोट्याच्या वर रुततो. पाण्याच्या अगदी कडेपर्यंत जाण्याची हौस त्यामुळे धोक्याची ठरू शकते. पोहण्यासाठीही हा काठ योग्य नाही: तळाशी जुन्या विहिरी, झाडांचे खुंट व मच्छीमारांची जाळी असू शकतात. धरणाच्या भिंतीवर सुरक्षेच्या कारणास्तव मुक्त प्रवेश नसतो.

पक्षी पाहण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडल्यास ओळख पटविणे सोपे जाते. त्या दृष्टीने पूर्वेकडील, म्हणजे पैठणच्या बाजूचा काठ सकाळी आणि कायगावची बाजू दुपारनंतर बरी पडते. काठ विस्तीर्ण असल्याने दुर्बिणीवाचून केवळ ठिपके दिसतात. थव्याच्या दिशेने सरळ चालत जाण्याऐवजी बाभळीच्या किंवा बेशरमीच्या झुडपाआड थांबणे अधिक फलदायी ठरते. थवा उडाला की तो जलाशयाच्या मध्यावर जाऊन बसतो आणि त्या सकाळी पुन्हा काठाला येईलच असे नाही. फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास पैठणला नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत मुक्काम मिळणे अवघड होते.

== काठावरील उपजीविका आणि वाद ==

पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन सुपीक असते. तिच्यावर हरभरा, गहू यांसारखी पिके घेण्यास गाळपेर म्हणतात. ज्या कुटुंबांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांच्या दृष्टीने हीच जमीन हिवाळ्यात पुन्हा वर येते. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र तोच चिखलाचा पट्टा नांगरला जातो, तेथे पाणी उपसणारे पंप सुरू होतात व फवारणी होते. हा प्रश्न केवळ अतिक्रमण या शब्दात मावत नाही, कारण त्याच पिकांवर पट्टकादंब व करकोचेही चरतात. जलाशयातील मासेमारीवर भोई, कहार व अन्य समाजांतील अनेक कुटुंबे अवलंबून आहेत. उथळ पाण्यात लावलेल्या बारीक धाग्याच्या जाळ्यांत कधी कधी पाणबुड्या मारणारे पक्षीही अडकतात.

जमिनीचे व पाण्याचे व्यवस्थापन पाटबंधारे यंत्रणेकडे आणि वन्यजीवांचे रक्षण वन विभागाकडे, अशी येथील विभागणी आहे. २०१७ मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. जलाशयावर तरंगत्या सौरपटलांचा मोठा प्रकल्प उभारण्याच्या प्रस्तावामुळे त्या अधिसूचनेची पुन्हा चर्चा झाली. अधिसूचनेत अक्षय ऊर्जेच्या वापरास प्रोत्साहन असल्याचा मुद्दा प्रकल्पाच्या बाजूने मांडण्यात आला, तर पटलांखाली प्रकाश न पोहोचल्याने जलजीवन व मासेमारी धोक्यात येईल, असा विरोधकांचा आक्षेप होता. राष्ट्रीय हरित लवादाने आक्षेप फेटाळल्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला.