मशीन बसवलं, पण ऐकायला शिकवणार कोण?

बाळ जन्मलं की आपल्या घरात त्याच्या कानात अजान दिली जाते. ते बाळ खरंच ऐकतं का, हे मात्र कित्येक घरांत दोन-अडीच वर्षं कुणी तपासत नाही. "याचे अब्बूपण उशिराच बोलले होते," असं दादी म्हणते आणि वेळ निघून जातो. तपासणी अवघड नाही. ओएई चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते, शंका आली तर बेरा करतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे.

पुढे श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट येतं, आणि इथेच मोठा गैरसमज होतो. चष्मा लावला की दिसतं, तसं हे नाही. मशीन आवाज पोहोचवतं. त्याचा अर्थ मुलाला शिकावा लागतो. हे शिकवणाऱ्या तज्ज्ञांना ऑडिटरी-व्हर्बल थेरपिस्ट म्हणतात.

गंमत म्हणजे ते मुलापेक्षा आई-वडिलांनाच जास्त शिकवतात. रोज सकाळी आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज ओठ न दाखवता काढायचे. मूल एखाद्या आवाजाला दाद देत नसेल तर आधी मशीन तपासायचं. वस्तू दाखवण्याआधी तिचं नाव ऐकवायचं. चपाती लाटताना "गोल गोल", वुजू करताना "पाणी आलं, हात धुऊ या". थेरपिस्टकडे आठवड्यात तासभर, बाकी सगळा वेळ घर. तो एकट्या अम्मीवर टाकू नका, अब्बूंनीही बसावं.

भाषा कोणती? घरात रोज बोलता ती. दखनी असो, कोकणी असो की मराठी. शाळेसाठी म्हणून मोडकंतोडकं इंग्रजी मुलाच्या कानावर घालण्यात काही फायदा नाही, हे शिक्षक म्हणून सांगते.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हे काम करते. जंगसाहेब महाराष्ट्राचे राज्यपाल होते. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना मिळणाऱ्या इम्प्लांटचं कामही हीच संस्था पाहते. त्याला वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, म्हणून उशीर नको. ऑपरेशनची तारीख घेतानाच विचारा: नंतरची थेरपी कुठे, किती दिवस, आणि गावाहून येण्या-जाण्याचं काय?

काही मुलांना एवढं करूनही बोलणं जमत नाही. त्यांच्यासाठी सांकेतिक भाषा आहे, आणि तीही पूर्ण भाषाच आहे.