घराला दरवर्षी भेग का पडते? काळी माती आणि मायक्रोपाइल

मी सॉफ्टवेअरवाला, पण आज बोलायचंय घराच्या पायाबद्दल. यवतमाळच्या आमच्या घराच्या भिंतीतली भेग उन्हाळ्यात रुंदावते, पावसाळ्यात मिटते. दरवर्षी पुट्टी भरा, रंग मारा!

दोष भिंतीचा नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. त्यात आमच्या प्लॉटच्या एका कोपऱ्यात मुरूम चार फुटांवर, दुसऱ्यात बारा फुटांवर. मग घर सगळीकडे सारखं कसं हलणार?

मायक्रोपाइल म्हणजे 300 मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाचं बोअर, आत सळई आणि सिमेंटचं ग्राउट. 1952 मध्ये इटलीच्या फर्नांडो लिझी यांनी जुन्या इमारती सावरायला ही युक्ती काढली. मशीन छोटं, त्यामुळे अरुंद गल्लीतही काम होतं. घराचा भार काळी माती ओलांडून खालच्या मुरूम-कातळात उतरतो.

वरच्या काळ्या थराची पकड मात्र हिशेबात धरायची नाही. उलट तो फुगताना पाइलला वर ओढतो, म्हणून सळई त्या ताणालाही पुरली पाहिजे. वरच्या बीमखाली मोकळी जागा ठेवायची, नाहीतर मातीच बीम उचलते.

नवीन घर बांधणार असाल, तर तळाशी फुगीर असा अंडर-रीम्ड पाइल चालेल का, तेही इंजिनिअरला विचारा. आणि त्याआधी विचारा, जमीन किती ठिकाणी तपासली? आमच्याकडे एकच खड्डा खणला होता, तोही मुरूम वर होता त्याच कोपऱ्यात.